घड्याळ लावण्यापूर्वी

२०२३च्या पावसाळ्यात मी एका मावशींचे बोलणे ध्वनिमुद्रित करत होतो. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे कोणते शब्द वापरत, कोणत्या वाटेने बाजाराला जात, गाव सोडण्याचा दिवस त्यांना कसा आठवतो, असे माझ्या कामाचे साधारण स्वरूप आहे. या कामावर मला कोणी नेमलेले नाही. शिनोलीत राहतो, धरण जवळ आहे आणि ऐकायला वेळ आहे, एवढेच भांडवल. ज्या आंबेगावच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो ते गाव या जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आणि नाव पाण्याखालच्या गावाचे, अशी आमच्याकडची स्थिती.

मावशींकडे मी सात वेळा गेलो. गाव सोडल्याची हकिकत त्यांनी दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा निराळी सांगितली. एका हकिकतीत घरच्यांनीच कौले उतरवली, वासे सोडवले, सगळे गाडीत भरले आणि पाणी यायच्या आधी सगळे निघाले. दुसऱ्या हकिकतीत पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा निघाले, कौले तशीच राहिली. आठवणी अशाच असतात, त्याचे मला नवल नाही. पण मधल्या काळात, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला, त्यांचा पुतण्या मुंबईहून आला होता आणि त्याने मावशींपुढे आपल्या आठवणी बऱ्याच रंगवून सांगितल्या होत्या. कोणती हकिकत तो येण्यापूर्वीची आणि कोणती नंतरची, हे कळले असते तर एकीवर मी अधिक भरवसा ठेवला असता. त्या हिवाळ्यात मावशी गेल्या. पुढे लिहायला बसलो आणि फायली उघडल्या, तर प्रत्येक फाइलवर एकच तारीख: १ जानेवारी २००९.

त्या दिवशी मी माझ्या संगणकातल्या घड्याळाकडे पहिल्यांदा नीट पाहिले. हा लेख त्या पाहण्याचा आहे.

माझा लॅपटॉप जुना. त्याची मोठी बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे तो मी अडॅप्टर लावूनच चालवायचो. मावशींच्या घरी जायचे, भिंतीतल्या सॉकेटला वायर लावायची, मायक्रोफोन जोडायचा आणि बोलणे सुरू करायचे. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर फाइलला तारीख-वेळेचे नाव आपोआप देत असे. म्हणून मी स्वतः नाव देण्याचे कष्ट घेतले नाहीत. इथेच घोटाळा होता.

लॅपटॉप बंद असताना वेळ कोण मोजते? त्यासाठी मदरबोर्डवर एक वेगळे, स्वतंत्र घड्याळ असते. त्याला चालवणारी एक गोल चपटी बॅटरी असते, जिला आपण बटन सेल म्हणतो. बहुतेक संगणकांत ती ‘सीआर २०३२’ असते, म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी आणि तीन व्होल्ट. दुकानात नाव सांगितले की कोणीही काढून देतो. या घड्याळाचे काम अगदी साधे आहे. बाकीचा सगळा संगणक झोपलेला असताना सेकंद, मिनिटे, तास, तारीख, महिना आणि वर्ष पुढे ढकलत राहायचे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्यात असे घड्याळ नव्हते. संगणक सुरू केला की तो दरवेळी आपल्यालाच तारीख आणि वेळ विचारत असे. १९८४च्या ‘एटी’ मॉडेलपासून बॅटरीवरचे घड्याळ आले आणि माणसाला विचारण्याची पद्धत मागे पडली. विचारणे बंद झाल्याबरोबर आपले लक्ष देणेही बंद झाले, असे मला आता वाटते.

माझ्या लॅपटॉपमधली ही सेल मेलेली होती. वायर काढली की आतले घड्याळ थांबायचे, आणि वायर लावली की बनवणाऱ्या कंपनीने त्यात लिहून ठेवलेल्या आरंभाच्या तारखेपासून ते पुन्हा मोजू लागायचे. ती तारीख म्हणजे १ जानेवारी २००९, रात्रीचे बारा. दर भेटीत मावशींचे बोलणे त्याच मध्यरात्री सुरू व्हायचे. मध्येच वीज गेली (आणि पावसाळ्यात आमच्याकडे ती जातेच) की पुन्हा तीच मध्यरात्र.

मला काहीच दिसले नाही का? दिसले होते. घरी येऊन मोबाइलचे इंटरनेट जोडले की ब्राउझर म्हणायचा, ही साइट सुरक्षित नाही. साइटचे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असते, आणि २००९ साली बसलेल्या माझ्या लॅपटॉपच्या दृष्टीने ते अजून लागूच झालेले नव्हते. मग मी कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करून तारीख सरळ करायचो आणि कामाला लागायचो. किती चुकले होते ते लिहून ठेवण्याचे एकदाही सुचले नाही.

आता आतल्या यंत्राकडे. या घड्याळाचे हृदय म्हणजे गारेचा एक बारीक तुकडा. क्वार्ट्झ म्हणजे गारच. नदीच्या पात्रात सापडते त्याच जातीची, फक्त शुद्ध आणि कारखान्यात वाढवलेली. तिला दाबले की तिच्यावर विजेचा सूक्ष्म दाब तयार होतो आणि वीज दिली की ती किंचित वाकते. शाळेतल्या प्रयोगशाळेत नादकाटा असे, त्याच आकारात ती कापतात. विजेचा धक्का दिला की ती सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो. मंडलातल्या पंधरा पायऱ्या एवढेच करतात, प्रत्येक पायरी आलेले ठोके निम्मे करून पुढे देते आणि शेवटच्या पायरीवरून सेकंदाला एक ठोका बाहेर पडतो. मनगटी घड्याळातही हाच तुकडा, हाच आकडा.

हा ठोका पुरेसा बरोबर असतो, तंतोतंत नसतो. स्वस्त तुकड्यांत दहा लाखात वीसपर्यंतची चूक चालवून घेतात. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद असल्यामुळे ती रोजची सुमारे पावणेदोन सेकंद होते आणि महिन्याला पन्नासच्या वर जाते. शिवाय तापमान. नादकाट्याच्या आकाराची गार साधारण २५ अंशांना सर्वांत जलद चालते. त्याहून गार असो की गरम, दोन्हीकडे मंदावते. आमच्याकडे पौषात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा केवळ थंडीमुळे ती दिवसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडायच्या गतीने चालत असते. म्हणजे शिनोलीतला संगणक आणि मुंबईतला संगणक एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेले असले तरी त्यांची घड्याळे थोडी वेगळी चालणार. प्रत्येक घड्याळाला आपापल्या जागेचे हवामान लागलेले असते.

हे झाले बॅटरीवरचे घड्याळ. गंमत अशी की चालू संगणक वेळ विचारायला त्याच्याकडे सहसा जात नाही. सुरू होताना तो एकदा त्याच्याकडून वेळ घेतो आणि पुढे आपल्या स्वतःच्या, दुसऱ्याच एका स्फटिकाच्या ठोक्यांवर मोजू लागतो. म्हणजे एका यंत्रात दोन घड्याळे: एक झोपेतले, एक जागेपणीचे. दोघांचा वेग वेगळा. काही तास संगणक चालला की ती एकमेकांपासून सरकू लागतात, आणि दोघांपैकी खरे कोण हे संगणकाला ठरवता येत नाही. त्यासाठी बाहेर कोणाला तरी विचारावे लागते.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. आपल्याकडे लग्नात घंगाळात पाणी भरून त्यावर तळाला भोक असलेली वाटी सोडत. ती बुडाली की एक घटका भरली. चोवीस मिनिटांची घटका, साठ घटकांचा दिवस. ‘घटका भरली’ हे आपण आज वेगळ्या अर्थाने म्हणतो, पण ते शब्द या वाटीचे आहेत. आपला ‘तास’सुद्धा मुळात ठोके देण्याची काशाची थाळी, वेळेचे माप नंतरचे. त्या वाटीचे भोक क्षारांनी बारीक झाले तर घटका लांबणार, म्हणजे तिलाही आपली चूक होती. पण मोजणी सूर्योदयापासून सुरू होई. रोज सकाळी मोठ्या घड्याळाकडून छोटे घड्याळ जुळवून घेतले जाई आणि कालची चूक आज पुढे जात नसे.

संगणकाला सूर्य दिसत नाही. त्याला विचारायला माणूस पाठवावा लागतो, आणि माणूस पोहोचेपर्यंत वेळ निघून जातो. या अडचणीवरचा उपाय अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात बसवला आणि तो आजही जगभर चालतो. त्याचे नाव नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, त्याचा पहिला मसुदा १९८५चा. मिल्स जानेवारी २०२४मध्ये वारले. त्यांची युक्ती मी स्वतःला अशी समजावून सांगतो.

समजा शिनोलीत माझ्या घड्याळाचा भरवसा नाही आणि घोडेगावच्या एसटी स्थानकातले घड्याळ खात्रीचे आहे. मी एका मुलाला सायकलवर चिठ्ठी देऊन पाठवतो. निघताना माझ्या घड्याळात दहा वाजले आहेत, ते मी चिठ्ठीवर लिहितो. तो पोहोचतो तेव्हा तिथल्या घड्याळात दहा वीस. तेही लिहिले जाते. दोन मिनिटे तिथे थांबून तो दहा बावीसला निघतो, तेही लिहितो. परत येतो तेव्हा माझ्या घड्याळात साडेदहा. चिठ्ठीवर चार वेळा झाल्या. माझ्या हिशेबाने तो तीस मिनिटे बाहेर होता, त्यातली दोन थांबण्यात गेली, राहिली अठ्ठावीस प्रवासाची. जाणे-येणे सारखे धरले तर एका बाजूला चौदा. म्हणजे तो पोहोचला तेव्हा माझ्या घड्याळात दहा चौदा झाले असणार, आणि तिथे होते दहा वीस. माझे घड्याळ सहा मिनिटे मागे आहे.

रस्त्याची लांबी मला ठाऊक नव्हती, मुलाचा वेग ठाऊक नव्हता, तरी उत्तर आले. संगणक नेमके हेच करतो, फक्त चिठ्ठी ४८ बाइटची असते आणि फेरी सेकंदाच्या काही शतांश भागात संपते. दुबळी जागा एकच: जाणे आणि येणे सारखे आहे हे गृहीत धरलेले आहे. मुलगा जाताना चढाने दमला आणि येताना उतारावर सुटला, तर उत्तर चुकेल, आणि चिठ्ठीवरून ते कधीच कळणार नाही. म्हणून मिल्स यांच्या पद्धतीत एकाऐवजी अनेक ठिकाणी अनेक चिठ्ठ्या जातात. ज्यांची उत्तरे इतरांशी जुळत नाहीत त्यांना बाजूला ठेवले जाते, आणि ज्या फेरीला कमीत कमी वेळ लागला तिला जास्त मान मिळतो. लवकर परतलेल्या मुलाला वाटेत रेंगाळायला वाव कमी होता, हा त्यामागचा विचार. मला तो फार आवडतो.

फरक कळल्यावर घड्याळ एकदम फिरवायचे की हळूहळू? लहान फरक असेल तर संगणक आपला वेग किंचित कमीजास्त करून तो पचवतो. एक सेकंदाचा फरक भरून काढायला असा अर्धा तास लागू शकतो. कारण वेळ मागे गेलेली अनेक कामांना सोसत नाही. बँकेच्या नोंदीत पैसे येण्याआधी गेलेले दिसून चालत नाही. फरक मोठा असेल तर उडी मारावी लागते. आणि फार मोठा असेल तर नेटवर्कची वेळ आणणारा प्रोग्राम हात वर करतो. मिल्स यांच्या मूळ प्रोग्रामची मर्यादा हजार सेकंदांची आहे. विंडोजमध्ये घरगुती संगणकासाठी ती मुळात पंधरा तासांची ठेवलेली असते. इतकी चूक असेल तर आपण चुकलो की सांगणारा चुकला हे यंत्र ठरवू शकत नाही, तेव्हा ते माणसावर सोडते. माझ्या लॅपटॉपची चूक चौदा वर्षांहून अधिक होती. म्हणून तो गप्प बसे आणि तारीख मला हाताने सरळ करावी लागे. यंत्राने निर्णय माझ्यावर सोडला होता आणि मी तो न बघता उरकत होतो.

घोडेगावच्या घड्याळाला कोणी सांगितले, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर उतरंडीचे आहे. सर्वांत वर अणुघड्याळे: सिझियमच्या अणूची ९,१९२,६३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७पासूनची. त्यांना थेट जोडलेले सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्यांना विचारणारे दुसऱ्या, असे खाली खाली. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने कंपन्यांना, माहितीकेंद्रांना आणि सरकारी संस्थांना आदेश दिला, की आपल्या संगणकांची घड्याळे याच प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी नाते सांगता येईल अशा सर्व्हरशी जुळवा. कारण चोरीच्या तपासासारखेच. पाच संगणकांवरच्या नोंदी एकत्र मांडून आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरवायचे असते आणि घड्याळे वेगवेगळी असतील तर ते ठरत नाही. वाचताना मला मावशींच्या दोन हकिकती आठवल्या.

उतरंडीवरून खाली येते ती वेळ मात्र आपली नसते, ती जागतिक वेळ असते. साडेपाच तास आपण आपल्याकडे मिळवतो. इथे आणखी एक गोची आहे. विंडोज बॅटरीवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ. एकाच यंत्रावर दोन्ही असतील तर एकाने लावलेले घड्याळ दुसऱ्याला साडेपाच तासांनी चुकलेले दिसते. कोणाच्या संगणकाची चूक बरोबर साडेपाच तासांची निघाली, तर बॅटरी बदलायला धावू नये. घड्याळ ठीक असते, त्याचा अर्थ लावण्यात भांडण असते.

आणि हे साडेपाच तरी कोणाचे? १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला रेखांशाची वेळ भारताची म्हणून लागू झाली. मुंबईने आपली वेळ सोडली नाही. ती नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि शहरात ती १९५५पर्यंत चालत राहिली. स्टेशनात एक वेळ, शहरात दुसरी. शिनोलीचा हिशेब केला तर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा पस्तीस झालेले असतात. मावशींच्या बोलण्यात ‘दुपार’ जिथे येते तिथे ती माझ्या घड्याळातली दुपार नसते, हे लिप्यंतर करताना मला अनेकदा जाणवले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेचे एक जुने काम होते बंदरातल्या जहाजांना वेळ सांगण्याचे. ठरलेल्या क्षणी खांबावरचा गोळा खाली पडे आणि जहाजावरचे लोक दुर्बिणीतून तो पाहून आपल्या क्रोनोमीटरशी ताडून बघत. मला वाटायचे, ते लगेच काटे फिरवत असतील. तसे नव्हते. क्रोनोमीटरला हात लावायचा नाही, असा शिरस्ता होता. हात लावला की त्याची चाल बिघडते. ते वहीत लिहीत: आज इतके सेकंद पुढे, रोज इतके सेकंद पुढे पळते. पुढे भर समुद्रात रेखांश काढताना घड्याळातली वेळ घेऊन तिच्यातून वहीतली चूक वजा करत. घड्याळ चुकीचे राहिले तरी चालत होते. चूक किती हे माहीत असणे पुरेसे होते.

हीच पद्धत आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आजही चालते. नारायणगावच्या पूर्वेला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मधल्या चौकात आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर, एकूण पसारा पंचवीस किलोमीटरचा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, तेव्हा आमच्या भागातल्या शाळा गाड्या करून जातात. तिथे स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजले जातात. हे तारे स्वतःभोवती इतके नियमित फिरतात की ते स्वतःच घड्याळे आहेत. जून २०२३मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून, अशा ताऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरींचा मंद, अखंड नाद ऐकू येत असल्याचे पुरावे मांडले. त्यात खोडदची निरीक्षणे होती. शोधायचा फरक सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाहूनही लहान.

एवढ्या बारीक कामात दुर्बिणीचे घड्याळ सतत इकडे-तिकडे फिरवत राहणे परवडत नाही. म्हणून निरीक्षणावर वेळ पडते ती दुर्बिणीच्या घड्याळाची, जशी असेल तशी. ते घड्याळ जीपीएसच्या वेळेपासून केव्हा किती सरकले होते, याची एक वेगळी फाइल असते. विश्लेषण करणारा नंतर ती घेऊन दुरुस्ती लावतो. मूळ नोंद अबाधित राहते. जहाजावरच्या वहीतला आणि या फाइलमधला विचार एकच आहे, आणि मी घरी बसून नेमका तोच मोडत होतो. दर वेळी तारीख सरळ करताना जुने घड्याळ आणि खरे घड्याळ यांच्यातला फरक, जो त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होता, तो मी पुसून टाकत होतो. तो फरक लिहिला असता तर त्या बैठकीतली प्रत्येक फाइल एका बेरजेने जागेवर बसली असती. सेल मेली हे नुकसान नव्हते. नुकसान मी केले, दुरुस्ती करून.

मग उरलेल्या गोष्टींवरून काय काढता येते ते पाहू लागलो. घड्याळ मध्यरात्रीपासून सुरू होत असल्यामुळे प्रत्येक फाइलची वेळ म्हणजे वायर लावल्यापासून झालेली मिनिटे. म्हणजे एका बैठकीत फायलींचा क्रम शाबूत होता. सात भेटींच्या तारखा डायरीत होत्या. पण वीज जाऊन घड्याळ मध्येच पुन्हा सुरू झाल्यामुळे बैठका बारा झाल्या होत्या. शिवाय नोव्हेंबरमध्ये मी सगळ्या फायली एकाच वेळी दुसऱ्या डिस्कवर टाकून लॅपटॉप पुसला होता, त्यामुळे कॉपी केल्याच्या तारखांचाही उपयोग नव्हता. बारा धागे होते, त्यांना टांगायला खुंटी नव्हती.

एक खुंटी सापडली. पाणी उंबऱ्याला लागल्याची हकिकत ज्या फाइलमध्ये आहे, तिच्या पुढच्याच फाइलमध्ये मावशी चुलीच्या लाकडाबद्दल सांगत असताना शेजारच्या घरातून टाळ्यांचा आणि ओरडण्याचा गलका ऐकू येतो. मावशी थांबतात आणि विचारतात, “काय झालं वं भाऊ?” मी म्हणतो, “यान उतरलं मावशी, चंद्रावर.” त्या म्हणतात, “उतारलं का बया,” आणि पुन्हा लाकडावर येतात. चांद्रयान-३ उतरले ते २३ ऑगस्ट २०२३ला, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी. फाइलच्या नावातली वेळ आणि तिच्यातला गलक्याचा क्षण मिळवला तर माझ्या लॅपटॉपमध्ये तेव्हा १ जानेवारी २००९, बारा वाजून बावन्न मिनिटे झाली होती. म्हणजे वायर लावली संध्याकाळी पाच बाराच्या सुमारास. टीव्हीचे प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोहोचते ते धरूनही हिशेब एका मिनिटाच्या आतबाहेर. त्या बैठकीतल्या चारही फायलींना एका बेरजेने खरी वेळ मिळाली.

पाण्याची हकिकत पुतण्या येऊन गेल्यानंतरची, एवढे पक्के झाले. कौले उतरवल्याची हकिकत दुसऱ्या बैठकीतली. त्या फाइलमध्ये पत्र्यावर पाऊस वाजतो आणि एक कोंबडी ओरडते. तेवढ्यावर तारीख ठरत नाही. सात भेटींपैकी पाच भेटींत पाऊस होता. ती आधीची असेल तर पुतण्याच्या सांगण्याने मावशींची आठवण बदलली असे म्हणता येईल. नंतरची असेल तर त्यांनी स्वतःच विचार करून दुरुस्त केली असेल. पुतण्याला फोन करून विचारले, तर त्याने तिसरीच हकिकत सांगितली. माझ्या लेखनात दोन्ही हकिकती शेजारी-शेजारी, क्रम न लावता छापायचे ठरवले आहे.

लॅपटॉपची सेल बदलली. घोडेगावच्या दुकानात पाच मिनिटांचे काम होते. नंतर त्यात लिनक्स घातले. त्यात बॅटरीवरच्या घड्याळाची चूक आणि त्याची रोजची चाल लिहून ठेवणारी एक छोटी फाइल असते. जहाजावरची वहीच म्हणायची. इंटरनेट असताना वेळ जुळली की दर अकरा मिनिटांनी खरी वेळ त्या घड्याळात पुन्हा लिहिलीही जाते. ही सोय मी बंद ठेवली आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, फरक पाहतो आणि डायरीत लिहितो. गेल्या रविवारी नऊ सेकंद मागे होते. मावशींच्या वस्तीवर अजून दोघेजण बोलायला तयार आहेत, तिथे इंटरनेट नाही. मायक्रोफोन सुरू केला की मी आधी मोबाइलमध्ये पाहून तारीख आणि वेळ मोठ्याने सांगतो. समोरचे आजोबा दर वेळी हसतात आणि म्हणतात, “मला सांगतो का त्याला सांगतो?”